मौनाचा गवगवा

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, फोन आधीच जमा केलेला असतो आणि दहावा दिवस उजाडेपर्यंत साधकांनी आपसात बोलायचं नाही. फी? एक रुपयाही नाही. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून ही विपश्यना घेऊन आले. श्वास बघा, संवेदना बघा, प्रतिक्रिया देऊ नका, एवढंच.

आमच्या सोसायटीतले एक काका तिथून परतले, ते थेट मौनावर बोलायलाच. लिफ्टमध्ये, जिन्यात, सर्वसाधारण सभेत तर चक्क पाणीपट्टीच्या विषयाखाली. परवा त्यांच्या जागेवर कुणीतरी स्कूटर लावली. काकांनी मनात उठलेला राग तटस्थपणे पाहिला, आम्हा सगळ्यांना तो सविस्तर ऐकवला आणि अत्यंत शांत चित्ताने वॉचमनकडून स्कूटरची हवा सोडवून घेतली.