लिटरला सहाच!

अहो, ऐकलंत का? काल अण्णांच्या दारात काय तमाशा झाला! तुम्ही पौडला गेला होतात वाटतं, नाहीतर आवाज आलाच असता. जरा कुंपणाजवळ या, काकूंची खिडकी उघडी आहे…

त्यांची ती चपट्या तोंडाची एफसी जीप हो. तिच्या मागच्या फळ्यांवर बसून निम्म्या भरे गावानं वराती केल्यात, तुम्हाला मी काय सांगायचं! अमेरिकेत ती १९६५ ला बंद पडली आणि महिंद्रानं इथं बनवणं चालू ठेवलं. अण्णांचे वडील तर म्हणायचे, गोऱ्यांनी टाकली ती आम्ही सांभाळली. पण पेट्रोल पिते हो मेली. लिटरला सहा, लिटरला सहा, हे ऐकून ऐकून काकूंचे कान किटले. आणि पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून तर गाडी सुरू झाली की काकू आधी आत जाऊन डब्यातले पैसे मोजतात.

तर काय सांगत होते, जावईबापू आले. हिंजवडीवाले. हातात हा एवढा खोका. कार्बोरेटर! परदेशातून मागवलेला, दोन नळ्यांचा. एक ३२ ची, एक ३६ ची. आधी लहान उघडते म्हणे आणि पाय जोरात दिला तरच मोठी. "सासरेबुवा, सावकाश चालवलंत तर निम्मं पेट्रोल वाचेल." अण्णा असे फुलले! काकूंनी चहा टाकला, तोही आल्याचा. जावयाला आल्याचा चहा म्हणजे काकूंच्या घरात काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

तेवढ्यात नाना पेठेतले ते म्हातारे मिस्त्री आले. बोलत नाहीत फार. आत चढले, दोन सीटच्या मधलं झाकण उचललं, टॉर्च मारला. त्या गाडीचं इंजिन माणसांच्या मधेच बसलेलं ना, उन्हाळ्यात मांडी भाजते. मग मिस्त्री एवढंच म्हणाले, "बसवायचा कशावर?"

जावईबापू म्हणाले, कार्बोरेटरच्या जागी. मिस्त्री म्हणाले, "हे हरिकेन इंजिन आहे. अर्धे व्हॉल्व्ह हेडमध्ये, अर्धे खाली ब्लॉकमध्ये. मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं. वर भोक एक, तुमच्या नळ्या दोन. मधे प्लेट घालावी लागेल. मग उंची वाढेल." आणि सरळ वितीनं मोजून दाखवलं हो! झाकण बसेना. शिवाय प्लेटच्या गॅस्केटमधून जरा जरी हवा ओढली, तर इंजिन तापणार, व्हॉल्व्ह जळणार. त्या व्हॉल्व्हच्या खर्चात किती पेट्रोल येतं, ते तुम्हीच काढा म्हणाले. जावईबापूंचा चेहरा… काय सांगू, खोक्याची पट्टी परत चिकटवायला लागले बिचारे.

मग सुरू झाले सल्ले. फाट्यावरचा तो पोरगा म्हणे, मारुती ८०० चा बसवा, लहान कार्बोरेटर, लहान खर्च. मिस्त्री हसले. ती ७९६ सीसी, ही २१९९. पिरंगुटच्या घाटात पाय तळाला टेकवून चढावं लागेल आणि पाय टेकला की ॲव्हरेज गेलाच. मोठा बसवला तरी पंचाईत, हवा मंद जाते आणि पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत, न जळताच धुरात जातात. मला पटलं हो. बायकांना विचारलं असतं तरी सांगितलं असतं, की माप इंजिनाचं घ्यायचं, जाहिरातीचं नाही.

आणि आपले गावातले बापू कसे गप्प बसतील? त्यांची ती लष्कराच्या लिलावातली जोंगा गाडी. सहा सिलेंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, तेव्हापासून सगळ्या गावाला एकच सल्ला, "डिझेल टाक." कोणाला पोटदुखी झाली तरी हाच सांगतील. आरसीवर अजून पेट्रोलच आहे म्हणतात… मी कुठं काही बोलले?

तर मिस्त्रींनी जुनाच सोलेक्स कार्बोरेटर काढला. उघडला तो काकूंच्या परातीत! तळाला गाळ, पंपाचं रबर लाकडासारखं कडक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते सोसत नाही. अण्णा म्हणाले, "ऊस आपलाच आणि मार पण आपल्यालाच." जेट बारीक करून पेट्रोल वाचवू म्हणाले, तर मिस्त्री चिडले. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आधीच कोरडी चालते. आणखी बारीक केलंत तर फटाके मारेल.

मग चोक. झडप पूर्ण उघडतच नव्हती. का? तर चोकच्या नॉबला काकू भाजीची पिशवी अडकवतात! मेथी, बटाटे, काय नि काय. वजनानं नॉब बाहेर सरकायचा आणि गाडी वर्षभर थंडीतल्यासारखं पेट्रोल ढोसायची. काकू लाल! "मला कोणी सांगितलं होतं का तो चोक आहे म्हणून?" अण्णा खाली बघून वायसर शोधायला लागले.

पण खरी मजा पुढेच. मिस्त्रींनी मेन जेट उजेडात धरला. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो ना, भोक मिलिमीटरचे किती शंभरावे भाग आहे ते. इथं आकडा एक आणि भोक दुसरंच, अहो वाकडं! "हे कोणी पिन घालून मोठं केलंय. स्टोव्हची पिन." एकदम शांतता. काकू हळूच बापूंकडे वळल्या. कारण मागं गाडी घाटात मिसिंग मारत होती तेव्हा "आत्ता साफ करतो" म्हणून आमच्याच घरून स्टोव्हची पिन कोणी नेली होती? बापूंचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. थोडंसं.

तर नवा जेट, इथेनॉल चालणारं किट, पॉइंट घासले, टायमिंग लावलं. आज सकाळी प्लग काढून बघितले, काजळी नाही, छान बदामी. मग टाकी गळ्यापर्यंत भरून चांदणी चौकापर्यंत जाऊन आले. किलोमीटर मोजायला पुढं जावईबापूंची मोटारसायकल, कारण एफसीच्या मीटरची केबल तुटून किती तरी वर्षं झाली. परत भरून हिशेब केला, लिटरला साडेआठ. अण्णा नाचायचेच बाकी होते.

तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "मीटर बंद होता, तर इतकी वर्षं लिटरला सहा मोजलं कसं?"

अण्णा गप्प. मग हळूच म्हणाले, "बापू म्हणाला होता."