आतून खाल्लेला टायर

असोद्याहून जळगाव म्हणजे जेमतेम पाच-सहा किलोमीटर. तेवढ्या वाटेत माझी गाडी सारखी डावीकडे ओढत होती आणि मी महिनाभर रस्त्यालाच शिव्या देत होतो. शेवटी एका टायरच्या दुकानात जॅक लागला, तेव्हा खरा प्रकार दिसला. पुढचा डावा टायर बाहेरून चांगला जाड होता. आतल्या कडेचं रबर मात्र संपून तारा दिसायला लागल्या होत्या. दुकानातला मुलगा म्हणाला, "भाऊ, आतून खाल्लाय. दोन नवे टाका, अलाइनमेंट करून देतो."

मी विचारलं, "पण खाल्ला कशामुळे?"

त्यानं उत्तर दिलं नाही. टायर उचलून ढिगावर टाकायला निघाला. मी तो परत मागून घेतला.

आपल्याकडे टायर बदलला जातो आणि टायर खाणारं कारण गाडीतच राहतं. मग त्याच जागी बसलेला नवा टायरही त्याच कडेनं झिजतो. असोद्याचं भरताचं वांगं घेताना आपण ते चारही अंगांनी फिरवून कीड शोधतो. पाच-सहा हजारांच्या टायरला, ज्यावर घरची माणसं बसवून आपण धुळ्यापर्यंत जातो, त्याला हातसुद्धा लावत नाही. ही हयगय सोडलीच पाहिजे.

तो जुना टायर मी गावातल्या फिटरकाकांपुढे ठेवला. त्यांनी मशीन मागितलं नाही. तारा निघालेली कड सोडून उरलेल्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवला, आधी एका बाजूनं, मग उलट. मग माझा हात धरून तसाच फिरवायला लावला. एका दिशेनं गुळगुळीत. उलट दिशेनं मात्र नक्षीची प्रत्येक कड करवतीच्या दातासारखी बोटांना अडत होती. "हा टो गेलाय," काका म्हणाले. टो म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची दोन चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती वळलेली आहेत ते. चाकं बाहेर फाकली की टायर आतून खातो, आत वळली की बाहेरून. कड झिजलेली आहे पण हाताला दात लागत नाहीत, तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर.

फाकणं किती बारीक असतं ते पाहा. साध्या छोट्या गाडीत दोन्ही चाकं मिळून टो दोन मिलिमीटरनं चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडवं फरफटतं. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर धरा: दीडशे मीटरहून जास्त रबर डांबरावर आडवं घासून निघालं. डोळ्यांना न दिसणारे दोन मिलिमीटर नवा टायर काही महिन्यांत संपवू शकतात.

मग काकांनी गाडी उचलून चाक डाव्या-उजव्या अंगानं धरलं आणि हलवलं. खट्‌ खट्‌. चाकाला स्टेअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. वर-खाली धरून हलवल्यावर आवाज आला असता, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग तपासावं लागलं असतं. बैलगाडीचं चाक डुगडुगायला लागलं की जुनी माणसं आधी आस पाहत, धाव नंतर. तोच क्रम इथे लागतो. सांधा ढिला असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. स्क्रीनवर आकडे हिरवे होतात, आणि दुकानाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात चाक पुन्हा फाकतं. म्हणून आधी रॉड, बुश, बॉल जॉइंट पाहा, मग अलाइनमेंट करा. आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या. पैसे तुम्ही मोजता, तो कागद तुमचा आहे.

सगळंच दुखणं अलाइनमेंटचं नसतं. टायर दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले तर शॉकअप दमलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, तर आधी बॅलन्सिंग बघायचं. गाडी एका अंगाला ओढते, तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ दुसरीकडे गेली तर दोष टायरचाच. फेरीनंतर एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर ब्रेक धरून बसतोय.

आता रस्त्याकडे वळतो, कारण त्याचाही वाटा आहे. आपल्या तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. साइडपट्टी खचते, डांबराची कड उघडी पडते. समोरून केळीचा ट्रक आला की आपण डावीकडे उतरतो आणि डावं चाक ती कड चढून वर येतं. हा ठोका दर वेळी डाव्याच सांध्याला बसतो. साइडपट्टी भरणं हे ज्यांचं काम आहे, त्यांनी ते दर पावसाळ्यानंतर केलंच पाहिजे. त्या कडेवरून दुचाकी घसरते तेव्हा तर माणूसच पडतो. पण ती भरेपर्यंत आपल्या हातात एवढं आहे: उतरताना वेग कमी करायचा आणि कड तिरकी, हळू चढायची.

हे सगळं पैसे वाचवायला सांगत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. लग्नसराईत गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, महामार्गावर नव्वदचा वेग. त्यात हवा कमी आणि आतून तारा निघालेला टायर. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकण्यानं तापतो आणि तापून फुटतो. नियमानं कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. ती बाहेरच्या कडेला मोजून समाधान मानू नका. स्टेअरिंग पूर्ण वळवा, वाका आणि आतली कड आधी डोळ्यांनी बघा. तारा दिसल्या तर हात लावू नका, बोट कापेल, आणि ती गाडी रस्त्यावर काढू नका. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, भरल्या गाडीचा आकडा वेगळा.

माझ्या गाडीला रॉडचं टोक नवं बसलं, त्यानंतर अलाइनमेंट झाली, आणि सर्वांत शेवटी टायर. महिना झाला. परवा सकाळी डाव्या टायरवरून तळहात फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. दोन्ही वेळा सारखाच लागला.