मोबाइलवर येऊ घातलेल्या वाचनालयास अनावृत पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणी आणि संकेतस्थळ उपसमिती यांस,

स. न. वि. वि.

वाचनालयाचे संकेतस्थळ मोबाइलवर आणायचे ठरले, हे सूचनाफलकावर वाचून ऊर भरून आला. आयफोन आला २००७ मध्ये. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःच मांडणी बदलावी, ही ‘रिस्पॉन्सिव्ह’ कल्पना ईथन मार्कॉट यांनी मांडली २०१० मध्ये. एवढ्यावरच हुरळून न जाता आपण वाट पाहिलीत, हा संयम हल्ली कुठे दिसतो?

आपले संकेतस्थळ फोनवर उघडत नाही, असा अपप्रचार काही सभासद करतात. उघडते हो! पडद्याची खरी रुंदी धरायला सांगणारी एक ओळ पानाच्या कोडमध्ये लागते, ती तेवढी आपल्याकडे नाही. मग आयफोन बिचारा पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि सगळेच्या सगळे आखडून समोर ठेवतो. संस्थापकांची तसबीर टपालाच्या तिकिटाएवढी होते. दोन बोटांनी वेळापत्रक ताणले की ‘सोमवार’ वाचता येतो. त्यापुढचे ‘बंद’ वाचायला पान उजवीकडे ढकलावे लागते, तोवर सोमवार डावीकडे निघून गेलेला असतो. सूचना युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असल्याने तिथे इंग्रजी अक्षरे आणि कंसांची रांगोळी दिसते. वर्गणीवाढीची सूचना त्यातच होती म्हणे. अशी सूचना काढली की कोणी हरकतही घेत नाही.

आता पर्याय. उपसमितीत ॲपचा पक्ष भारी आहे, आणि ते रास्तच आहे. ॲपचे उद्घाटन करता येते. पाहुणे कळ दाबतात, टाळ्या पडतात, फोटो छापून येतो. त्यानंतर अँड्रॉइडचे वेगळे, आयफोनचे वेगळे. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. फोनची प्रणाली बदलली की पुन्हा दुरुस्ती. पण हे पुढच्या कार्यकारिणीने पाहायचे. बँकेचे किंवा रेल्वेचे ॲप लोक ठेवतात, कारण ते सारखे लागते. पंधरवड्यातून एकदा पुस्तक बदलणाऱ्या आजोबांनी मात्र वाचनालय उघडे आहे का, एवढे कळण्यासाठी ॲप उतरवून घ्यायचे, पासवर्ड ठरवायचा आणि तो विसरायचा.

दुसरा पक्ष म्हणतो, फोनसाठी वेगळे छोटे संकेतस्थळ काढू. म्हणजे विलंब शुल्क एकीकडे नवे, दुसरीकडे जुने. दोन्हीकडे माहिती कोण भरणार? वर्गणीच्या पावत्या फाडणारे, पुस्तकांना कव्हरे घालणारे आणि दिवाळी अंकांच्या याद्या करणारे आपले ते एकमेव लेखनिकच ना?

राहिला तिसरा, रिस्पॉन्सिव्हचा मार्ग. तो अगदीच कळाहीन. एकच संकेतस्थळ, एकाच जागी दुरुस्ती, फोनवर आणि संगणकावर तीच माहिती. फीत कापायला काही नाही. त्यातही ‘रिस्पॉन्सिव्ह करून दिले’ म्हणून ठेकेदाराने मान डोलावली तरी वर्धापनदिनाचे चार एमबीचे छायाचित्र पडद्यावर लहान दिसेल, उतरेल मात्र चारच्या चार एमबी. ते आधी खरोखरच लहान करून घ्यावे लागते.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती इतिवृत्तात येणार नाही. ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २०११ मध्ये ‘मोबाइल फर्स्ट’ नावाचे पुस्तकच लिहिले: आधी छोट्या पडद्याचा विचार करा. छोट्या पडद्यावर एकाखाली एक एवढीच सोय. म्हणजे सर्वांत वर काय, हे ठरवणे आले. सभासदाला हवे असते ‘पुस्तक शोधा’, आजची वेळ आणि फोन नंबर. आपल्याकडे सर्वांत वर आहे अध्यक्षांचे मनोगत, त्याशेजारी कार्यकारिणीची छायाचित्रे, मग विश्वस्तांची. संगणकावर हे सारे शेजारी शेजारी मावले, म्हणून इतकी वर्षे कोणाचा मान दुखावला नाही. आता कोणीतरी कोणाच्या तरी खाली जाणार. ॲपचा ठराव एकमताने का होऊ घातला आहे, हे माझ्यासारख्या अल्पमतीलाही कळते.

तरी एक नम्र सूचना. पुढच्या सभेत प्रोजेक्टर लावू नये आणि वाय-फाय बंद ठेवावे. प्रत्येकाने आपापला फोन काढून, एखादे पुस्तक आज कपाटात आहे की बाहेर गेले आहे, हे आपल्याच संकेतस्थळावर शोधावे. ज्यांना सापडेल त्यांनीच मत द्यावे. चष्मा चालेल, नातवाला फोन लावता येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आजीव सभासद