चौथं शिंगरू

मेक्सिको सिटीतल्या त्या कान्तिनात, म्हणजे तिथल्या मद्यालयात, भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर खडूने चार पदार्थ लिहिले होते. पुढे आकडे नव्हते. मी पुण्याचा. भाव लिहिलेला नसला की माझी भूक आपोआप मरते.

"मामा, ते फुकट आहे," भाचा म्हणाला.

भूक उठून बसली.

पद्धत अशी, की पैसे फक्त पेयाचे द्यायचे. पहिल्या पेयाबरोबर पहिला पदार्थ, दुसऱ्याबरोबर दुसरा, आणि असं चढत जायचं. या फुकटच्या खाण्याला म्हणतात बोताना. आपल्याकडचा चखणा म्हणजे खारे शेंगदाणे, फार तर बॉइल्ड अंडं. ग्लासला सोबत म्हणून बसवलेलं. इथे ग्लास ही नुसती जेवणाची पावती.

पण फळा लिहिणारा माणूस पक्का व्यापारी होता. पहिल्या ओळीत कढण, आणि मी ज्याच्यासाठी एवढा प्रवास करून आलो होतो ते मोले चौथ्या ओळीत. माझी कुवत दीड पेग. त्यातला अर्धा वासानेच चढतो.

"मला लिंबू सरबत," ही म्हणाली. हिचं माहेर वेंगुर्ल्याचं. दारूचं तिला अप्रूपही नाही आणि भीतीही नाही. मी टकिला मागवली. ती ज्या उंच, चिंचोळ्या पेल्यात येते त्याला तिथे 'काबायितो' म्हणतात, म्हणजे छोटा घोडा. शिंगरूच म्हणा ना. सिनेमात पाहिल्याप्रमाणे मी मीठ चाटलं, लिंबू चावलं आणि शिंगरू एका घोटात आडवं केलं. साठीतला वेटर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जशी माझी आजी पुरणपोळी चहात बुडवणाऱ्याकडे बघायची.

"मामा, ती घोट घोट प्यायची असते," भाचा खालच्या आवाजात म्हणाला. "शेजारी ते लाल दिलंय ना, सांग्रिता, त्याचा मधूनमधून घोट घ्यायचा."

कढण आलं. हिने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "अहो, सोडे आहेत हे!" खरंच, सुक्या कोळंबीचं तिखट, लालभडक सार. काल्दो दे कामारोन. वर लिंबू पिळायचं. "दोन त्रिफळं ठेचून घातली असती तर..." तिने वाक्य सोडून दिलं. परक्या देशात माणसाने किती सुधारणा सुचवायच्या!

सार तिखट आहे का, हे मी आधी विचारलं होतं. "नो पिका," वेटर म्हणाला होता. या शब्दांचा अर्थ 'तिखट नाही' असा असून तो खरा कधीच नसतो. आमच्याकडे कोल्हापूरचे पाहुणे "अगदी बेताचं आहे" म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण तक्रार कुणाकडे करणार? मिरची मूळची इथलीच. पोर्तुगीजांच्या जहाजातून ती गोव्याला उतरली आणि आपण तिला जन्मापासूनची घरची समजतो. भाच्याने हे मामीला सांगितल्यावर ती म्हणाली, "असेल. बी त्यांचं, वाटप आमचं."

दुसरं शिंगरू, दुसरा पदार्थ. आमच्या शेजारून एक अनोळखी गृहस्थ जेवून निघाले होते. जाता जाता आमच्या टेबलाकडे वळून "प्रोवेचो" म्हणाले. कुणीही कुणालाही म्हणतं. म्हणजे आपलं "सावकाश होऊ द्या". मी हात जोडून "बसा की" म्हणालो, तेही मराठीत. यावरून दुसऱ्या शिंगराची चाल लक्षात यावी.

पलीकडे तीन आज्जीबाई डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर अशा आपटत होत्या की माझं कढण हिंदकळत होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बायकांना या दारातून आत यायलाच बंदी होती; बाहेर तशी पाटीच असे. हे ऐकून ही म्हणाली, "आमच्याकडे पाटी लावावी लागत नाही."

आदल्या दिवशी आम्ही सिंको दे मायो रस्त्यावरच्या 'ला ओपेरा'त गेलो होतो. तिथे छताला एक भोक आहे. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत बंडखोर सेनानी पांचो व्हिया घोड्यासकट आत आला आणि त्याने गोळी झाडली, असं सांगतात. आता हा व्हिया दारूला शिवत नसे. मद्यालयाच्या छताला जगातलं सगळ्यात प्रसिद्ध भोक पाडायला न पिणारा माणूस लागावा, याचं मला काल नवल वाटलं होतं. आज तिसऱ्या शिंगरानंतर वाटेनासं झालं. तो वैतागलेला असणार. मोले चौथ्या ओळीत असणार.

"मोले कधी?" मी विचारलं.

"आओरिता," वेटर म्हणाला. म्हणजे आत्ता. मराठीत 'निघालोच' म्हणजे जेवढं आत्ता, तेवढंच.

चौथं शिंगरू आलं, आणि त्याच्यामागून मोले. कोंबडीवर काळपट, दाट रस्सा, त्यावर तीळ. मला ताटल्या दोन दिसत होत्या. नेमक्या रिकाम्या ताटलीत मी दोनदा तुकडा बुडवला. ही मात्र बोटावर रस्सा घेऊन शांतपणे जबाब नोंदवत होती. "तीळ. शेंगदाणे. लवंग, दालचिनी. सुकी मिरची भाजून. आणि... अहो, यात चॉकलेट आहे!"

"जेव, जेव," मी उदारपणे म्हणालो. "तुझ्यासाठीच चार चार पितोय."

भाचा खोकला. मग त्याने वेटरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तिथे दोन रांगांत पेन्सिलीच्या रेघा होत्या. वरच्या रांगेत चार, खालच्या रांगेतही चार.

"मामा, इथे लिंबू सरबतही पेय धरतात."

ताटल्या खरोखरच दोन होत्या. दुसरी तिची होती आणि तिनेच रिकामी केली होती.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही रंगात होतात."

मेक्सिकोत आपण मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. जेवण झाल्यावर उष्टे हात वाळेपर्यंत बसून राहणं हा इथे रीतसर कार्यक्रम आहे, त्याला सोब्रेमेसा असं नावसुद्धा आहे. भाचा म्हणाला, "मागवू का?"

ही वेटरकडे बघून पाचवं बोट वर करत होती.