आईच्या गुडघ्याची शिफारस

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,


इकडे सर्व क्षेम आहे, फक्त घरात फोडणी बंद आहे. दिवाळी तोंडावर आली तरी चकलीचं नाव काढायची सोय नाही. तुझ्या सुनेची येत्या शुक्रवारी मुलाखत आहे आणि तिचा त्यातल्या त्यात बरा कोट हिंगाच्या वासापासून वाचवायचा आहे. कोट पिशवीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला आहे आणि आम्ही चौघं सूप पितो आहोत.

नोकरी फिजिकल थेरपीच्या दवाखान्यातली आहे. तू शेजारच्या काकूंना ‘आमची सून डॉक्टर झाली’ असं सांगून मोकळी व्हायच्या आत खुलासा करतो. या खात्यात तीन पायऱ्या. वर थेरपिस्ट, त्यांना हल्ली डॉक्टरेट लागते, शिवाय राज्याचा परवाना. मधे असिस्टंट, दोन वर्षांचा कोर्स, परीक्षा आणि परवाना. खाली एड. त्यांना शाळा पूर्ण केलेली पुरते, बाकीचं कामावरच शिकवतात. टेबलं पुसायची, चादरी बदलायच्या, गरम-थंड पॅक तयार ठेवायचे, पेशंटना आणायचं-न्यायचं, फोन घ्यायचे. ग्रीन कार्ड आल्यापासून हिच्या डोक्यात तो मधल्या पायरीचा कोर्स घोळतो आहे. पण फी भरण्याआधी एड होऊन हे काम आपल्याला मानवतं का ते बघू, असं तिचं म्हणणं. बँकेत इतकी वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेली बाई, तिला कोण काय सांगणार?

जेवणं झाली की रोज तालीम. कन्या मुलाखत घेते, चिरंजीव वेळ लावतात आणि पेशंट मी. पेशंटला उठवण्याआधी व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या असा नियम आहे. मला बसवतात ती कॉम्प्युटरची खुर्ची, तिला ब्रेक नाहीत, म्हणून चिरंजीव मागे टेकून उभे राहतात. कमरेला प्रवासी बॅगेचा पट्टा आवळतात, बोटं आत जातील इतपत सैल. खऱ्या दवाखान्यात त्यासाठी वेगळा पट्टा असतो, पेशंटला चालवताना धरायला. पेशंट पडायला लागला तर ताकद लावून त्याला उभा ठेवायचा हट्ट करायचा नाही. आपल्या पायाच्या आधाराने अलगद खाली बसवायचं, त्याला सोडून कुठेही जायचं नाही आणि थेरपिस्टला हाक मारायची. हा प्रयोग माझ्यावर झाला. ‘अलगद’ या शब्दावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

जाहिरातीत ५० पौंड वजन उचलता आलं पाहिजे अशी अट आहे. ती वाचून हिला उलट धीरच आला. ५० पौंड म्हणजे जेमतेम २३ किलो, म्हणजे विमानाची बॅग. तुझं मेतकूट, भाजणी आणि लोणच्याची बरणी घातलेली ती बॅग मुंबईच्या टॅक्सीत कुणी चढवली होती ते तुला आठवत असेल. मी पासपोर्ट सांभाळत होतो.

सीपीआरचा वर्ग तिने मागच्या महिन्यातच केला. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान दोन इंच खाली गेली पाहिजे, कार्ड दोन वर्षं चालतं. ताल पकडायला ती मनात आरती म्हणते. कन्येने फक्त ‘घालीन लोटांगण’ला मनाई केली आहे, कारण त्याला वेग कसा चढतो ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

खरी अडचण बोलण्याची. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की ही सुरुवात करते ‘तसं काही विशेष नाही’पासून, आणि मग माझी नोकरी, मुलांचे मार्क, बाबांचं पेन्शन, दादाचा नवा फ्लॅट असं सगळं सांगून होतं. तिची स्वतःची बँकेतली नोकरी तेवढी राहते. कन्या कपाळाला हात लावते. इथे चाळिशीच्या पुढच्या माणसाला वयावरून डावलता येत नाही असा १९६७ सालचा कायदा आहे, त्यामुळे शहाणे मालक वय विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. लग्न, मुलं, धर्म यांवरही सहसा बोलत नाहीत. ‘मिस्टर काय करतात?’ असं कुणीही विचारणार नाही, हे ऐकून मला जरा वाईट वाटलं.

पण आई, सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे. थेरपिस्ट पलीकडच्या खोलीत आहेत आणि पेशंट तुम्हाला विचारतोय, ‘खांदा दुखतोय, व्यायाम चालू ठेवू की थांबवू?’ तुम्ही काय कराल? बरोबर उत्तर: थांबा, थेरपिस्टना बोलावते. बस्स. आमच्या तालमीत पहिल्या रात्री उत्तर आलं ते असं: थांबवा, हळद घालून दूध घ्या, झोपताना महानारायण तेल चोळा आणि उशी बदला. कन्येने मुलाखत तिथेच संपवली.

यामागे पैशाचंही कारण आहे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५च्या पुढच्यांचा सरकारी विमा, एडने केलेल्या उपचाराचे पैसे देत नाही, थेरपिस्ट समोर उभे राहून बघत असले तरी नाही. त्यामुळे हात कितीही शिवशिवले तरी उपचार करायचा नाही आणि तोंड कितीही शिवशिवलं तरी सल्ला द्यायचा नाही. साधा शेकसुद्धा आपल्यासारखा ‘सोसेल तेवढा’ नसतो. माती भरलेले पॅक सत्तर अंशांच्या वरच्या पाण्यात ठेवलेले असतात, ते टॉवेलच्या सहा-आठ थरांत गुंडाळायचे आणि मधेच कातडी लाल झाली का बघायचं. लावायचा की नाही हे ठरवणार थेरपिस्ट. ज्या घरात दूधवाल्याच्या पाठदुखीवरसुद्धा तीन पिढ्यांनी तीन उपाय सुचवले, त्या घरच्या सुनेने महिनाभर पगार घेऊन गप्प राहायचं! मला विचारशील तर वजन उचलण्यापेक्षा ही अट भारी आहे.

आता तुझ्याकडचं काम. ‘सहकार्य न करणाऱ्या पेशंटला तुम्ही कसं सांभाळलंत, प्रसंग सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशा चार भागांत उत्तर द्यायचं असतं. तिने तुझा गुडघा निवडला आहे. नाव सांगणार नाही, कारण पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा इथे १९९६चा कडक कायदा आहे आणि मुलाखतीतच पेशंटचं नाव बाहेर आलं तर पुढे कोण विश्वास ठेवणार? तिचं उत्तर असं: ‘सत्तरीतली एक स्त्री. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेलं. बुद्धी तल्लख. सूचना ऐकत नसे. फिजिओथेरपिस्टने गुडघा ९० अंशांपर्यंत वाकवायला आणि वॉकर घेऊन घरात फिरायला सांगितलं होतं; ते आले की तिची कंबर दुखायची. म्हणून मी रोज मालिकेच्या वेळी टीव्हीचा रिमोट स्वयंपाकघरात विसरत असे आणि ती उठली की तिच्या मागे चालत असे. दिवाळीपर्यंत वॉकर सुटला.’

हो, रिमोट ती विसरत नव्हती. तुला आजच कळतंय, पण रागवू नकोस. कन्येच्या मते हे तिचं सर्वोत्तम उत्तर आहे, कारण त्यात एकही सल्ला नाही.

मुलाखत शुक्रवारी आमच्या सकाळी दहाला, म्हणजे तुझ्या संध्याकाळी साडेसातला. त्या वेळी देवापाशी दिवा लाव, पण ‘काय झालं गं?’ म्हणून व्हिडिओ कॉल करू नकोस. निकाल कळला की आम्हीच फोन करू. मावशीबरोबर तेलाची बाटली पाठवू नकोस, दवाखान्यात उग्र वास चालत नाही. पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही म्हणून फोटो काढून दादाच्या मोबाइलवर पाठवतो आहे. त्याने वाचून दाखवताना काही गाळलं तर ते स्वतः चष्मा लावून वाच. ‘सूचना ऐकत नसे’ या वाक्याला तुझी हरकत असेल तर गुरुवार संध्याकाळपर्यंत कळव. त्यानंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

तुझा,
धाकटा