पाटकरी

आमच्या थिएटरात भूल देणारे डॉक्टर बदलले, सर्जन बदलले, एसीसुद्धा एकदा बदलला, पाटकरी तोच. हुद्दा भूल विभागाचा टेक्निशियन. पण वडील मुठा कालव्यावर पाटकरी होते आणि हा रोज खडकवासल्याहून येतो, म्हणून हे नाव. शोभतंही. पाणी वरून सुटलं की शेवटच्या वावरात पोचलंच पाहिजे, वाटेत कुणी बांध घालायचा नाही, हा त्याचा वेद.

पेशंट झोपला की आम्ही पोटाकडे बघतो, हा हाताकडे. व्हेनफ्लॉन चिकटवला की नळीला एक वेढा देऊन तोही चिकटवणार. ओढाताण झालीच तर हिसका वेढ्याला बसावा, शिरेला नको. थ्री-वेच्या तोटीखाली कापसाची उशी, नाहीतर कातडीवर त्याचा ठसा उठतो. बीपीचा पट्टा सलाइनच्याच हाताला दिसला की संपलंच. "पट्टा फुगला की चारी बंद! मग औषध कुठं जाणार, बेबी कॅनॉलात?"

धमनीतली लाइन म्हणजे तर देवघर. लाल स्टिकर एक पुरत नाही, तीन लागतात. तिच्यात चुकून इंजेक्शन गेलं तर बोटं काळी पडू शकतात, हे नव्या सिस्टरला हजेरीआधी ऐकावं लागतं. तिचं प्रेशर मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीत हवा. मी टेबल वर घेतलं की हा गवंड्यासारखा धावतो. एकदा प्रेशर वाढलेलं बघून मी दचकलो. "धरण भरलं नाही सर, मोजपट्टी खाली राहिलीय. दहा सेंटिमीटरला साडेसातचा फरक."

पण त्याचा खरा शत्रू म्हणजे माझं पोट. पेशंटचा हात अंगालगत चादरीखाली गुंडाळलेला. रंगात आलो की मी नेमका त्यावर रेलतो. आत नळी दुमडली, हात सुजला, तरी वरून काही कळत नाही. मग पडद्यामागून आवाज येतो, "सर, पोट."

एकदा मी भडकलो. जरासं टेकलं तर काय प्रलय येतो?

"पानशेतचं धरणपण नळीपाशीच खचायला लागलं होतं, सर. १२ जुलै १९६१ला फुटलं. त्याच दिवशी खडकवासलाही गेलं."

यावर कोण काय बोलणार? पोट आत.

गेल्या साली त्याचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पूर्ण भूल घ्यायला साफ नकार. "मी झोपलो तर हात कोण बघणार?" शेवटी पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखाली बधिर, वर पूर्ण पाटकरी. मान वळवून सलाइनचे थेंब मोजत पडला होता. मी टाका घालायला वाकलो, तोच पडद्यापलीकडून आवाज आला, "सर, पोट."

"ह्याला झोपवा रे कुणीतरी," मी ओरडलो.

"झोपवा," तो म्हणाला, "पण आधी पट्टा दुसऱ्या हाताला बांधा."