सुप्रभाताचा ताळेबंद

अमेरिकी शहरांच्या डाउनटाउनमध्ये, म्हणजे दिवसा कचेऱ्यांनी गजबजणाऱ्या आणि संध्याकाळ होताच ओस पडणाऱ्या मध्यवर्ती व्यापारी भागात, सार्वजनिक सुरक्षितता आता ‘सुप्रभात’ या एककात मोजली जाते. भडक पिवळा, जांभळा किंवा नारिंगी सदरा घातलेला, कमरेला वॉकीटॉकी लावलेला आणि कोणालाही अटक अथवा दंड करण्याचा अधिकार नसलेला एक पगारी कर्मचारी पदपथावरून ठरलेल्या मार्गाने फेऱ्या मारतो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसतो. त्याला सुप्रभात चिंतितो. आणि तो माणूस दोन पावले पुढे गेला, की हातातील फोनवर एक बटण दाबतो. या कर्मचाऱ्यास ‘कम्युनिटी सेफ्टी अ‍ॅम्बॅसिडर’ असे म्हणतात. मराठी वाचकाच्या परिचयातील स्वच्छतादूताच्या धर्तीवर त्याला सुरक्षादूत म्हणण्यास हरकत नसावी. या व्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मात्र सुप्रभाताकडे नव्हे, तर बटणाकडे लक्ष द्यावे.

बटण दाबले की एक ‘संपर्क’ नोंदला जातो. संपर्काचे प्रकार असतात. वाटसरूस केवळ अभिवादन केले तर तो आतिथ्य संपर्क, एखाद्या पर्यटकास संग्रहालयाची वाट दाखवली तर दिशादर्शन, दुकानात डोकावून ‘सर्व ठीक ना?’ असे विचारले तर व्यावसायिक संपर्क, आणि पदपथावर आडव्या झालेल्या माणसाजवळ वाकून तोच प्रश्न विचारला तर ती विचारपूस. वर्षअखेरीस या सर्वांची बेरीज होऊन ती गुळगुळीत कागदावर, हसऱ्या छायाचित्रांसह प्रसिद्ध होते. आणि त्याच पानावर, त्याच ठळक टंकात, वर्षभरात उचललेल्या कचऱ्याच्या पिशव्यांची व भिंतींवरून पुसलेल्या रंगरंगोटीची संख्याही दिलेली असते. या संपर्कांमुळे नेमके कोण कशापासून सुरक्षित झाले, हा रकाना अहवालात सहसा आढळत नाही, कारण त्यासाठी फोनवर बटण नाही.

या गणितातील सर्वांत उत्पादक घटक कोणता, याचा विचार करता लक्ष अपरिहार्यपणे दुकानाच्या दाराशी असलेल्या कोनाड्यात झोपलेल्या माणसाकडे वळते. दुकाने उघडण्यापूर्वी सुरक्षादूत त्याच्यापाशी येतो, अत्यंत सौजन्याने सुप्रभात म्हणतो, निवारागृहांचे दूरध्वनी क्रमांक छापलेले कार्ड देतो आणि आता येथून हलावे अशी विनंती करून बटण दाबतो. निजणारा उठतो, पथारी गुंडाळतो आणि रस्ता ओलांडून समोरच्या बाजूस जातो. आता हा माणूस एकच कोनाडा धरून राहिला आणि त्याला रोज एकदा उठवले, तर वर्षाकाठी ३६५ विचारपुशी होतात. २०२४ हे लीप वर्ष असल्यामुळे त्या वर्षी एका पैशाचाही जादा खर्च न करता कामगिरीत वाढ झाली असणार, हेही नोंदवणे आवश्यक आहे. दुपारी तोच माणूस बाकावर डुलकी घेत असेल आणि दुसऱ्या पाळीतील दूताने त्याला पुन्हा उठवले, तर आकडा ७३० वर जातो. शिवाय येथे सीमेचा प्रश्न उपस्थित होतो. हे दूत ज्या संस्थांच्या वतीने फिरतात, त्या संस्था ‘व्यवसाय सुधारणा क्षेत्रे’ चालवतात. म्हणजे ठरावीक चौकांच्या आतील मालमत्ताधारकांनी नगरपालिकेच्या करांखेरीज एक जादा आकारणी स्वतःवर लावून घ्यायची आणि त्या पैशातून आपल्यापुरती झाडलोट, रोषणाई व पहारा विकत घ्यायचा. टोरांटोमधील ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात १९७० साली या पद्धतीचा प्रारंभ झाला आणि त्याच दशकात न्यू ऑर्लिअन्समार्गे ती अमेरिकेत उतरली. अशा दोन क्षेत्रांची हद्द जेथे रस्त्याच्या मधोमध येते, तेथे निजणाऱ्याचे मूल्य दुप्पट होते, कारण उत्तरेकडील पिवळा दूत त्याला दक्षिणेस पाठवतो, दक्षिणेकडील जांभळा दूत त्याला उत्तरेस परत पाठवतो, दोघेही हसतात, दोघेही बटण दाबतात, आणि दोन्ही अहवालांत एकाच दमलेल्या देहाची दोन स्वतंत्र यशे म्हणून नोंद होते. डाउनटाउनमध्ये साप्ताहिक सुटीशिवाय, सणवार न पाळता, बर्फ पडत असतानाही अखंड संख्यानिर्मिती करणारा हा एकमेव माणूस असून त्याला वेतन नाही, रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि वार्षिक अहवालातील आभारप्रदर्शनात त्याचे नावही नाही. त्याला उद्या कोठे खरोखरीची खोली मिळाली, तर एका रात्रीत ७३० संपर्क बुडतील, पुढील वर्षीचा आलेख खाली वळेल, आणि ही घसरण का झाली याचे स्पष्टीकरण संचालक मंडळापुढे कोणाला तरी द्यावे लागेल. घर मिळणे ही या हिशेबात तूट आहे. सुदैवाने ती ओढवण्याचा धोका फारसा नाही.

या व्यवस्थेच्या आधी काय होते, हे पाहिल्याशिवाय तिचे सौजन्य कळत नाही. पूर्वी हे काम भटकेगिरीचे कायदे करीत, म्हणजे अमुक एक कृत्य केले म्हणून नव्हे, तर अमुक प्रकारचा माणूस दिसला म्हणून त्यास पकडण्याची मुभा देणारे कायदे. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहराच्या अशा कायद्यात गुन्हेगारांची जी यादी होती, तीत विनाकारण हिंडणारे, रात्री भटकणारे, सवयीचे रिकामटेकडे, हातचलाखीचे चेंडू उडवणारे आणि कामास समर्थ असूनही बायकोच्या कमाईवर जगणारे नवरे यांचा समावेश होता. १९७२ साली हा कायदा कमालीचा मोघम असल्याच्या कारणावरून घटनाबाह्य ठरला. चेंडू उडवणाऱ्यांचे पुढे भलेच झाले. आता दुपारच्या जेवणाच्या सुटीत चौकात रंगत आणण्यासाठी डाउनटाउनवाले त्यांना मानधन देऊन बोलावतात. बायकोच्या कमाईवर जगणारे घरून काम करीत असल्याचे सांगू शकतात. विनाकारण हिंडणारे तेवढे उरले, आणि त्यांच्यासाठी दंडुक्याच्या जागी स्मित आले. स्मित कोणत्याही न्यायालयात घटनाबाह्य ठरवता येत नाही, हा त्याचा कायदेशीर गुण विसरता कामा नये. दरम्यान दंडुकाही परतला आहे. ऑरेगनमधील ग्रँट्स पास या छोट्या शहराने सार्वजनिक जागी अंगावर पांघरूण घेऊन झोपणे म्हणजे मुक्काम ठोकणे, अशी व्याख्या करून त्यासाठी २९५ डॉलर दंड ठेवला होता, आणि अशा दंडाला घटनेची आडकाठी नाही असा निर्वाळा जून २०२४ मध्ये मिळाला. ज्याच्यापाशी २९५ डॉलर आहेत तो पदपथावर का झोपेल, हा प्रश्न निकालाच्या कक्षेबाहेरचा होता.

सुरक्षादूत आणखी एक सेवा देतो, तिला सोबत म्हणतात. कचेरीतून उशिरा निघालेल्या कर्मचाऱ्याने फोन केला, की दूत येतो आणि त्याला वाहनतळावरील त्याच्या मोटारीपर्यंत पोहोचवतो. या वाहनतळांचा इतिहास मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी डाउनटाउनमध्ये एकखोली हॉटेले असत, म्हणजे आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या, सामायिक न्हाणीघराच्या लहान खोल्यांच्या इमारती. त्यांत गोदीकामगार, म्हातारे, एकटे राहणारे, नुकतेच तुरुंगातून सुटलेले, दारूच्या आहारी गेलेले असे सर्व जण आपापल्या कुलपाआड झोपत. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुनाट वस्त्या हटवण्यासाठी केंद्राचा पैसा उपलब्ध झाल्यानंतरच्या तीन दशकांत ही हॉटेले शहराच्या नूतनीकरणाच्या नावाखाली मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, आणि मोकळ्या झालेल्या अनेक भूखंडांवर मोटारी उभ्या करण्याची सोय झाली. तेव्हा रात्री नऊ वाजता सुरक्षादूत ज्या भूखंडापर्यंत सोबत करतो, तेथे कधी काळी लोकांच्या खाटा असण्याचा संभव बराच असतो, आणि ज्यांच्या भीतीने ही सोबत लागते ते तेथेच झोपले असते. मोटारीस रात्रभर जागा हवी हे तत्त्व कोणीही नाकारीत नाही. तिला कोणी पहाटे उठवीत नाही, तिच्या काचेवर टकटक करून कार्ड देत नाही, आणि ती आडवी उभी राहिली तरी तिला मानसिक उपचारांची गरज आहे असे कोणी म्हणत नाही.

दिशादर्शन या सदरात एक प्रश्न असा आहे की त्यावर संपूर्ण सदर कोसळावे, परंतु ते कोसळत नाही: शौचालय कोठे आहे? संग्रहालय, नाट्यगृह, परिषद केंद्र, भाड्याची सायकल, मधाची चव दिलेला बर्फगोळा, या सर्वांची वाट दूतास पाठ असते. शौचालयाची नसते, कारण तेथे शौचालय नाही. त्यामागेही इतिहास आहे. पूर्वी अमेरिकेत नाणे टाकून उघडणारी शौचालये होती. ती अन्यायकारक आहेत, कारण पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि स्त्रियांना दारामागे पैसे, या रास्त मुद्द्यावर चळवळ झाली, शिकागोने १९७३ साली त्यांवर बंदी घातली, दशक संपेपर्यंत बहुतेक ठिकाणची सशुल्क शौचालये गेली, आणि त्यांच्या जागी फुकट शौचालये बांधण्याचे सर्व जण मिळून विसरले. आता दूत विचारणाऱ्यास कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाकडे बोट दाखवतो. ज्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा आहे तो तेथे पाच डॉलरची कॉफी घेतो आणि दाराचा सांकेतिक क्रमांक मिळवतो. ज्याच्या अंगावर तीन स्वेटर आहेत तो काउंटरपर्यंतही पोहोचत नाही. आणि पहाटे त्याच दुकानाच्या मागच्या गल्लीत दुसरा एक दूत उच्च दाबाच्या पाण्याने फरशी धुतो व धुतलेल्या फुटांची नोंद करतो. माणसाच्या मूत्राशयाला व्यवसाय सुधारणा क्षेत्राची हद्द समजत नाही, एवढी साधी शरीरशास्त्रीय गोष्ट या जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या सर्वांत श्रीमंत चौकांमध्ये कोणाला ठाऊक नसावी, हे केवळ अशक्य आहे. ती सर्वांना ठाऊक आहे. पाणी मारण्यासाठी पैसा आहे, हसण्यासाठी पैसा आहे, हसणे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी दरमहा पैसा आहे, कोणी आडवे होऊ नये म्हणून बाकाच्या मधोमध बसवलेल्या लोखंडी हातासाठीही पैसा आहे. चार भिंती, एक भांडे आणि एक कडी यांसाठी मात्र आधी समिती लागते, मग प्रायोगिक प्रकल्प लागतो, आणि मग असे आढळते, की शौचालय बांधल्यास तेथे लोक येतील.

सुरक्षादूतास यात दोष देणे अन्यायाचे होईल. तो बहुधा कंत्राटदाराचा तासावारी नोकर असतो. काही कार्यक्रमांत तो स्वतः पूर्वी पदपथावर झोपलेला असतो. आणि ज्या भागाचे आदरातिथ्य तो दिवसभर करतो, त्या भागात खोली घेण्याइतके वेतन त्याला मिळत नाही, त्यामुळे पाळी संपली की तोही, अधिक लांबवर, क्षेत्राबाहेर जातो. त्याच्या पट्ट्याच्या पिशवीत अनेकदा नॅलोक्सोनची कुपी असते, म्हणजे अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या माणसाच्या नाकात फवारल्यास त्याला परत आणणारे औषध. तो गुडघ्यावर बसतो, फवारा मारतो, रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाचे डोके धरून ठेवतो. हे या संपूर्ण व्यवस्थेतील निःसंशय मोलाचे काम आहे. अहवालात सुप्रभातांच्या अवाढव्य आकड्याशेजारी वाचवलेल्या जिवांचा आकडा इतका किरकोळ दिसतो, की मांडणी करणाऱ्याची अडचण सहज समजू शकते.

या क्षेत्रांचा कारभार लोकशाही आहे काय, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. न्यूयॉर्कमधील अशा एका क्षेत्राबाबत ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व लागू करण्याची मागणी १९९८ साली न्यायालयाने फेटाळली, कारण क्षेत्राचे अधिकार मर्यादित असून त्याचा प्रमुख भार मालमत्ताधारकांवर पडतो. कॅलिफोर्नियात हे अधिक स्पष्ट आहे. तेथील १९९४ च्या कायद्याखाली क्षेत्र स्थापण्याची प्रक्रिया सुरू करण्यासाठी डोकी मोजत नाहीत, तर एकूण आकारणीच्या निम्म्याहून अधिक रक्कम भरणार असलेल्या मालकांच्या सह्या लागतात, आणि पुढे मतदान होते तेव्हा मताचे वजन ज्याने त्याने भरावयाच्या रकमेइतके धरले जाते. ही रक्कमही अनेक ठिकाणी मालमत्तेच्या दर्शनी लांबीवरून ठरते, म्हणजे इमारत किंवा भूखंड पदपथाला किती फूट लागून आहे त्यावरून. वाहनतळाची दर्शनी लांबी साहजिकच मोठी असते, म्हणून वाहनतळाच्या मालकाचे मतही वजनदार असते. त्याच पदपथावर, त्याच दर्शनी लांबीपैकी सुमारे सहा फूट, रात्री अकरापासून पहाटे विचारपूस होईपर्यंत, एका माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात असतात. कॅलिफोर्नियात क्षेत्राची पहिली मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. ती सरली आणि नूतनीकरणाची वेळ आली, की मतपत्रिका टपालाने मालकांच्या पत्त्यावर रवाना होतात, आणि त्यांच्यासोबतच्या माहितीपत्रकात प्रथम पानावर, या सहा फुटांतून पाच वर्षांत काढलेल्या संपर्कांची बेरीज छापलेली असते.